फोटोतून पुसलेला हात

मावशींचा पहिला संशय माझ्या स्टुलावर आला आणि दुसरा माझ्यावर.

तेव्हा त्या माझ्याकडे कामाला नव्हत्या. एका घरी बाळ सांभाळायला जायच्या आणि त्या बाळाच्या आईबरोबर, सामानाची पिशवी धरायला म्हणून, माझ्या स्टुडिओत आल्या होत्या. मी नवजात बाळांचे फोटो काढते. आठ-दहा दिवसांची, दिवसभर झोपणारी, अजून पोटात असल्यासारखी अंग मुडपून घेणारी बाळं. चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावरची एक लांब खोली, तिला एक मोठी खिडकी आणि त्या खिडकीतून येणारा मऊ उजेड, हे माझं सगळं भांडवल. त्या दिवशी बाळ वेताच्या टोपलीत होतं आणि टोपली उंच स्टुलावर होती, कारण उजेड तिथे छान पडत होता.

"हे स्टूल कोणाचं?" मागून आवाज आला.

"माझंच," मी कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हटलं.

"मग तुम्ही बसा त्याच्यावर. बाळाला मी उतरवते."

आणि उतरवलंच. ना मला विचारलं, ना त्या आईला. बाळ आईच्या हातात दिलं, रिकामी टोपली तशीच स्टुलावर ठेवली आणि तिच्या काठावर एक बोट टेकवलं. टोपली धाडकन खाली आली. तळाला वजन काहीच ठेवलेलं नव्हतं. तोवर मी तीन वर्षं हे फोटो काढत होते. तीन वर्षांत एकही बाळ पडलं नव्हतं, म्हणून मला वाटत होतं की मला काम येतं. 

पुढच्या आठवड्यात मी त्यांचं घर शोधत गेले आणि माझ्याकडे याल का, असं विचारलं. त्यांनी दारातच उभं करून माझी उलटतपासणी घेतली. हीटर कसला आहे, खोलीत कुत्रं-मांजर येतं का, मला खोकला आहे का, अंगठी बाळाला घेताना काढते का. अंगठी मी काढत नव्हते. तेवढ्यावर त्यांनी नकार दिला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच आल्या. "तू काढणार नाहीस अंगठी," म्हणाल्या, "म्हणून आले."

मावशी म्हणजे माझ्या नात्यातल्या कोणी नव्हेत. बत्तीस वर्षं त्या बाळंतपणाच्या वॉर्डात आया होत्या, तिथे सगळ्यांच्या मावशी झाल्या आणि निवृत्त झाल्यावरही मावशीच राहिल्या. बांधा ठेंगणा, केस घट्ट बांधलेले, चेहरा तिकीट तपासनिसासारखा. माझ्या नवऱ्याने त्यांना पहिल्याच दिवशी 'फौजदार' नाव ठेवलं. तो डबा द्यायला वर आला होता आणि त्यांनी त्याला दारात थांबवून हात धुवायला लावले होते. "अहो, मी बाळाला हात लावायला नाही आलो, बायकोला डबा द्यायला आलोय," तो म्हणाला. "आणि ती कोणाला हात लावते?" मावशींनी विचारलं. तो मुकाट्याने नळाकडे गेला.

त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. हीटरवर नव्हता, म्हणून बाळाचं झबलं काढण्याआधी त्या स्वतःचं कोपर उघडं करून गादीजवळ धरून बसायच्या. गुंडाळायच्या मऊ कापडावर नव्हता, म्हणून दर दोन मिनिटांनी बाळाच्या पावलांचा रंग बघायच्या. डोक्याच्या पट्टीवरचे मोती त्या माझ्यासमोर एकेक ओढून बघायच्या आणि एखादा हातात आला की तो माझ्या तळव्यावर ठेवायच्या, काही न बोलता. त्या न बोलण्याचा मला फार राग यायचा. आज्या, काका, आत्या, कोणी शिंकलं की बाहेर. माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात नसेल तर बाळावर वाकायची मला बंदी. काचेची बरणी मी एकदा हौसेने आणली होती, बाळ त्यात बसवून फोटो काढतात म्हणे. दुसऱ्या दिवशी तिच्यात मावशींनी कपड्यांचे चिमटे भरून ठेवले होते.

आणि खरं सांगायचं तर माझं काम त्यांच्या जोरावर नावारूपाला आलं. याचं कारण एकच, त्यांचा हात.

माझ्या भिंतीवर जे फोटो लोक येऊन बघतात, त्यातले निम्मे खोटे आहेत. खोटे म्हणजे जोडलेले. फांदीला टांगलेल्या झोळीत बाळ झोपलंय, असं दिसतं ना? ती झोळी जमिनीवर गादीवर पसरलेली असते, फांदी नंतर वरून जोडलेली. सगळ्यांना हवा असतो तो फोटो म्हणजे बाळाने दोन्ही हातांवर हनुवटी टेकवलेली, डोळे मिटलेले, कसल्याशा गहन विचारात असल्यासारखं. दहा दिवसांच्या बाळाला डोकं पेलत नाही, हनुवटी टेकवून ते कसलं बसतंय! त्यासाठी दोन फोटो काढायचे. पहिल्यात मावशींच्या उजव्या हाताची बोटं बाळाच्या डोक्यावर, त्याला धरून. दुसऱ्यात तीच बोटं बाळाच्या मनगटांशी. दुसरा हात दोन्ही वेळा बाळाच्या अगदी जवळ, टेकलेला, तयारीत. मग संध्याकाळी कॉम्प्युटरवर मी दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवते आणि मावशींचे हात पुसून टाकते. चार वर्षांत हजारभर हात पुसले असतील. पुसताना मी फक्त कडा बघते. इथे लोकर, इथे कातडी, इथे सावली. हात मी बघत नाही. तो जायचाच असतो.

त्यामुळे एका संध्याकाळी मावशी जेव्हा म्हणाल्या, "मला ते कच्चे फोटो मोबाइलवर पाठवत जा, हातासकट," तेव्हा आधी मला बरंच वाटलं. म्हटलं, म्हातारपणी आठवण म्हणून हवे असतील. मी पाठवले. दुसऱ्या दिवशी परत मागितले, तिसऱ्या दिवशीही. "कालचे राहिलेत," "मुलीचे आले, त्या मुलाचे नाही आले." मग माझ्या मनात पाल चुकचुकली. कच्चे फोटो म्हणजे माझ्या कामाची सगळी उघडी शिवण. ते बघून कोणीही समजून जाईल, मी काय आणि कसं जोडते.

संशय एकदा आत शिरला की बसायला जागा मागत नाही, स्वतःच करून घेतो. मला दिसायला लागलं, की मावशी हल्ली डावा हात एप्रनच्या खिशात ठेवतात. त्या खिशात मोबाइल असायचा. मला दिसायला लागलं, की हनुवटीचा फोटो आला की त्या टाळतात. "बाळाचं मन नाही आज." "पोट फुगलंय जरा, पालथं नको." कधी खरं असेलही, पण दर वेळी? महिनाभरात तसे दोनच फोटो झाले आणि तिघीजणी तोंड पाडून गेल्या.

त्यात नाक्यावरच्या लग्नवाल्याने नवा बोर्ड लावला. जन्मभर लग्नाचे फोटो काढणारा माणूस, पण आता बोर्डवर हे मोठं बाळ, हातांवर हनुवटी टेकवून. आणि एका बुधवारी दुपारी मी औषधाच्या दुकानात रांगेत उभी असताना मावशींना त्या लग्नवाल्याच्या दारातून बाहेर पडताना पाहिलं. मोबाइल हातात होता. तो दारापर्यंत त्यांना सोडायला आला होता आणि मान हलवत होता, एखाद्याला काही कबूल केल्यावर हलवावी तशी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "फौजदार आणि फितुरी? विचार ना सरळ." पण मी विचारलं नाही. मला पुरावा हवा होता. आठ दिवस मी त्यांच्याशी गोड बोलत राहिले आणि मनात एकेक गोष्ट रचत राहिले. त्या आठ दिवसांची मला आजही लाज वाटते.

नवव्या दिवशी एक आई आली, बरोबर नवरा, सासू आणि अकरा दिवसांचा मुलगा. त्यांना बाकी काही नको होतं, फक्त हनुवटीचा फोटो. मोठ्या बहिणीच्या मुलीचा मी काढला होता, तो तिने मोबाइलवर आणला होता. बाळ तृप्त, गाढ झोपलेलं, पावलं गुलाबी, पोट मऊ. कारण सांगायला जागाच नव्हती. आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, मी उजेड बघून घेतला आणि मावशी म्हणाल्या, "हा फोटो नको आज."

"का?"

"नको म्हणते ना."

"काही हरकत नाही," मी म्हटलं. रागाने माझा आवाज उलट अगदी गोड झाला होता. "तुम्ही बाहेर बसा. बाळाच्या बाबांना मी दाखवते डोकं कसं धरायचं ते. एवढं काही अवघड नाही."

बाबा बिचारे बाह्या वर करायला लागले. मावशींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग त्या सरळ चालत गेल्या आणि बाळासाठी मांडलेल्या त्या गोल मऊ गादीवर, पांढऱ्याशुभ्र लोकरीच्या कापडावर, ऐन बाळाच्या जागी मांडी घालून बसल्या.

"मावशी, उठा."

"नाही उठत."

सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, हे काय?" मी मावशींचा दंड धरला, तेव्हा त्या उठल्या, पण येताना ते लोकरीचं कापड काखेत मारूनच. मी त्यांना मागच्या लहान खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"लग्नवाल्याकडे कशाला गेला होतात?"

त्या चपापल्या नाहीत. "पाहिलंस तू?"

"पाहिलं. गेल्या बुधवारी."

"आणि आठ दिवस गप्प बसलीस?" आता त्याच माझ्यावर चिडल्या. "चार वर्षं माझ्याबरोबर राहून हे शिकलीस? संशय आला की तिथल्या तिथे विचारायचं असतं. तो काय लोणचं आहे का, मुरवत ठेवायला?"

मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला. त्यात माझेच कच्चे फोटो. एक उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि माझ्यासमोर धरला. बाळाची पापणी न् पापणी दिसत होती. डोक्यावरचा मावशींचा उजवा हात स्वच्छ, नखांच्या कडांसकट. आणि शेजारी टेकलेला डावा हात पुसट. नुसता धुरकट डाग, त्यात बोटं किती ते कळत नव्हतं. मी खिडकीच्या उजेडात काम करते, त्यामुळे शटर जरा सावकाश उघडतं-मिटतं. जे स्थिर आहे ते स्थिर येतं, जे हलतं ते फराटे ओढल्यासारखं येतं.

"पुढचा बघ," त्या म्हणाल्या. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. दोन महिने मागे गेलो, तिथे डाग थोडा कमी. चार महिने मागे, हात स्वच्छ.

हे सगळे हात मी पुसले होते. एकेक हात मी मोठा करून, कड धरून, सावकाश पुसला होता आणि एकदाही पाहिला नव्हता.

"तुला विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस? 'मावशी, उजेड कमी असेल.' 'मावशी, कॅमेरा हलला असेल.' मला दुखवायचं नाही म्हणून. त्याला माझं काही देणंघेणं नाही, म्हणून त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, बाळाच्या पापण्या मोजता येतात आणि तुमची बोटं मोजता येत नाहीत, मग कॅमेऱ्याचा दोष कसा?" त्या थांबल्या. "माणूस बरा आहे. त्याचीही टोपली स्टुलावरून खाली उतरवून आले मी."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही.

"धरलं की थांबतो," त्यांनी डावा हात पुढे करून दाखवला. तो टेबलावर टेकला तसा अंगठा हळूहळू थरथरायला लागला. त्यांनी माझं मनगट धरलं, तो थांबला. "आज नुसता ठेवला की हलतो. उद्या धरल्यावर हलला तर?"

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"सोमवारी. गोळ्या दिल्यात. हाताचं ते बघतील, बाळाचं मी बघायला हवं."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

तेव्हा पहिल्यांदा त्या जरा अडखळल्या. म्हणाल्या, "भीती वाटली. हात गेला की माझ्यात दुसरं काय आहे तुझ्या कामाचं?" आणि मग खुर्चीवर बसून, लोकरीचं कापड मांडीवर घेऊन, त्यांनी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरची गोष्ट सांगितली. फार हुशार बाई. वॉर्ड त्यांच्या शब्दावर चालायचा. शेवटच्या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला होता. सगळ्यांना दिसत होतं, डॉक्टरांना, नर्सना, आयांना. एवढ्या मोठ्या बाईंना सांगायचं कोणी? एके सकाळी बाळ पुसताना त्यांच्या हातून निसटलं. मावशी दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या, टॉवेल घेऊन. बाळ वाचलं, पण महिनाभर काचेच्या पेटीत होतं. सिस्टर त्या दिवशी घरी गेल्या त्या परत कधी दिसल्या नाहीत.

"त्या निष्काळजी नव्हत्या गं," मावशी म्हणाल्या. "गप्प बसलो ते आम्ही. मीसुद्धा. तेव्हापासून मी कोणावर विश्वास ठेवत नाही, आणि मनातलं ओठावर आणल्याशिवाय राहत नाही. आणि माझ्या स्वतःच्या हातावर संशय घ्यायची वेळ आली तर मी चार आठवडे खिशात घालून फिरले."

बाहेर तिघंजण ताटकळत होते. मी गेले आणि त्यांना खरं ते सांगितलं, की हा फोटो दोन फोटो जोडून होतो, बाळाला क्षणभरही सोडायचं नसतं आणि आज त्यासाठी शिकलेला हात माझ्याकडे नाही. मावशींच्या मोबाइलवरचा कच्चा फोटो दाखवला. त्या आईने तो बराच वेळ बघितला. मग नवऱ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पार उतरला होता.

"म्हणजे ताईच्या मुलीला कोणीतरी धरलं होतं?"

"दोन्ही वेळा."

"आम्ही काल घरी करून बघितलं," ती हळूच म्हणाली. "सरावासाठी. पलंगावर, उशा लावून. त्याचं डोकं सारखं पुढे पडत होतं. आम्हाला वाटलं, आमच्याच बाळाला जमत नाहीये."

मावशी माझ्या मागे उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, मोती माझ्या तळव्यावर ठेवताना बोलायच्या नाहीत तशाच. हजार हात मी इतक्या सफाईने पुसले होते, की लोकांना वाटत होतं, बाळं हे एकटीच करतात.

त्या दिवशी बाळाला उताणं झोपवून, आईची ओंजळ त्याच्या डोक्याखाली ठेवून फोटो काढला. ओंजळ पुसली नाही. सासूबाई जिना उतरेपर्यंत कुरकुरत होत्या.

भिंतीवर आता दाराशीच एक कच्चा फोटो आहे, मावशींच्या दोन्ही हातांसकट, तो धुरकट डावा हातही. येणारा प्रत्येकजण विचारतो, हा असा का? मग मी सांगते.

हनुवटीचा फोटो आम्ही चार महिने बंद ठेवला. तेवढे दिवस मावशींनी मला बाळाच्या वजनाची, डोकं लटपटणारी बाहुली दिली आणि माझ्या बोटांवर त्यांची नजर. अंगठी आता घरीच असते. बंदी उठली तेव्हा कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर गेला, त्याच्या पायांना वाळूच्या पिशव्या बांधून, ती अट अर्थात त्यांचीच. हात माझे आणि कॅमेऱ्याच्या वायरचं बटण त्यांच्याकडे. "बटण दाबायला हात हलला तरी चालतो," म्हणाल्या. गोळ्यांनी थरथर थोडी कमी आहे. त्यांच्या मते गोळ्यांवरही फार विसंबून राहण्यात अर्थ नाही.

पहिला फोटो झाला त्या संध्याकाळी मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि सवयीने माझा हात पुसायला घेतला. मागून आवाज आला, "थांब. आधी मोठा कर."

मी मोठा केला. आम्ही दोघींनी वाकून एकेक बोट बघितलं. नखं, पेरं, अंगठ्याची कड, सगळं स्वच्छ होतं.

"आज ठीक आहे," मावशी म्हणाल्या. "उद्या परत बघायचं."

त्या आता आठवड्यातून दोनच दिवस येतात. बाकीच्या दिवशी बटण माझा नवरा दाबतो, हात धुऊन. पण मावशी असोत नसोत, रोज संध्याकाळी मी माझा हात आधी मोठा करून बघते आणि मगच पुसते.